उघडा राहिलेला पाठ

ज्याने कुणाला अध्ययनाला बसवले, त्यानेच त्याला उठण्याची अनुज्ञा द्यावी, असे आमचे गुरुजी मानत. बसवणे सोपे असते, कारण मुले स्वभावतः आज्ञाधारक असतात. पण अनुज्ञा द्यायची राहून गेली, तर त्या आज्ञाधारकपणाचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कुणी करत नाही. मीही केला नव्हता. गेल्या पौषात तो करण्याची वेळ आली.

उज्जैनला गुरुजींच्या घरी मी आणि रत्नप्रभाताई एकत्र शिकलो. ताई माझ्याहून वयाने मोठ्या. पुढे मी भोपाळला सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागलो आणि ताई नेहरू नगरच्या मागे, टेकाडावरच्या मराठी शाळेत. नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी कुटुंबांनी वर्गणी काढून ती शाळा बांधली होती. तांबड्या दगडाच्या भिंती, पत्र्याची पडवी, अंगणात एक कडुनिंब. पुढे मुले इंग्रजी शाळांत गेली, पट ओसरला आणि शाळा बंद पडली. त्याला आता तीस वर्षे होऊन गेली.

गुरुजींची एक रीत आम्ही दोघांनीही आयुष्यभर पाळली. पाठ शांतिमंत्राने उघडायचा आणि शांतिमंत्रानेच मिटायचा. मधल्या पाठात गुरूने एकदा म्हणायचे, शिष्यांनी दोनदा. शेवटी मुलांनी एकेक करून पाया पडायचे आणि त्या वेळी गुरूने आशीर्वाद न देता ‘गम्यताम्’ एवढेच म्हणायचे, म्हणजे आता जावे. तो शब्द मिळाला की पाठ मिटला.

त्या दिवशी मी ताईंना भेटायला गेलो, तेव्हा त्या खिडकीशी अंथरुणावर उशांना टेकून बसल्या होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती.

“दत्तू, शाळेची इमारत पाडणार आहेत म्हणे.”

“हो ताई, सोमवारपासून.”

“माझा पाठ उघडा आहे तिथे.”

त्या सावकाश सांगत राहिल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीप्रमाणे पाठ उघडला होता आणि ‘देव’ शब्दाची पहिली ओळ सांगितली होती. तेवढ्यात कपाटे न्यायला टेंपो आला, मुले तो पाहायला बाहेर धावली आणि तिथूनच आईबापांबरोबर घरी गेली.

“मी ‘जा’ म्हटलंच नाही रे. दुपार झाली की ती बसलेली जाणवतात. पुढची ओळ कधी सांगते याची वाट बघत. डोळा म्हणून लागत नाही. असंच ठेवून मी जाऊ कशी?”

त्यांचा मुलगा विनायक दाराशी उभा होता. तो त्याच वर्गात शिकलेला. “आई, ती सगळी मुलं केव्हाच मोठी झाली. सुयश पुण्यात आहे, सुरुची इंदूरला. मी तर तुझ्यासमोर उभा आहे. मग तिथे बसलंय कोण?”

“तू मोठा झालास ते दिसतंय मला. सदऱ्याची बटणं लागत नाहीत,” ताई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. “माझे पाय चालत नाहीत. तू जा. आपण एका गुरूचे, तुझा शब्द चालेल. पण जपून हं. तुझ्या तोंडात आशीर्वाद फार पटकन येतो. दूधवाल्यालासुद्धा देतोस. तिथे फक्त ‘जा’ म्हणायचं.”

मी हो म्हटले. एका वृद्धेला झोप यावी, एवढाच माझा हेतू होता. त्यापलीकडे मला काही अपेक्षित नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनायकने मला गाडीतून नेले. “काका, जल्दी निपटवू या, हां. चार वाजता एम. पी. नगरला मीटिंग आहे माझी.” तलावाकडून गार वारा येत होता आणि ऊन दुधासारखे पातळ होते. फाटकाशी खुर्ची टाकून चौकीदार शेंगदाणे सोलत होता.

“जाओ साब, ताला खुला है,” तो म्हणाला. “अपन तो दोपहर में अंदर जाते नहीं। बच्चे पढ़ रहे होते हैं, काहे को डिस्टर्ब करना।”

“कौन से बच्चे?” विनायकने विचारले.

“अब ये तो मास्टरजी लोग जानें।” त्याने फोलपटे फुंकून उडवली.

विनायक हसला. मीही हसलो. पडवीत कबुतरांची पिसे विखुरली होती. वर्गाचे दार कुणीतरी काढून नेले होते आणि चौकटीतून आतला थंड, मातकट अंधार दिसत होता. आत एकही वस्तू नव्हती. फळ्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन होता. फरशीवर धूळ साचली होती, पण सगळीकडे सारखी नव्हती. ओळीने, पाटाएवढ्या अंतरावर, दगड स्वच्छ दिसत होता. मी वाकून त्यातल्या एका जागेवर तळहात टेकला. दगड उबदार होता. ऊन तिथपर्यंत पोहोचत नव्हते.

विनायक मागच्या भिंतीपाशी गेला. “मी इथे बसायचो, काका. मला दमा होता ना. सगळ्यांचं म्हणून झालं की माझा एकट्याचा शेवटचा शब्द मागून यायचा. बाकीचे हसायचे. आई रागवायची, मग तीही हसायची.”

मी भिंतीवरच्या फिकट चौकोनाखाली उभा राहिलो. पाठ उघडलेलाच होता, म्हणून शांतिमंत्र न म्हणता मी ताईंनी सांगितलेले रूप तेवढे म्हटले. त्यांचा पाठ तिथेच थांबला होता.

“देवः देवौ देवाः।”

माझा आवाज छताला लागून परत आला. रिकाम्या खोलीत असे होतेच. मी श्वास घेतला. तेवढ्यात तो आवाज पुन्हा आला. या वेळी तो माझ्या आवाजाहून बारीक होता आणि एकाचा नव्हता.

एकदा मी म्हटले होते. दोनदा परत आले.

आणि मग, सर्वांच्या मागून, भिंतीपाशी, एक धापावलेले ‘देवाः’.

मी विनायककडे पाहिले. त्याचे ओठ मिटलेले होते. तो आपल्या पायांजवळच्या, धूळ नसलेल्या जागेकडे पाहत होता.

भीती वाटली, असे म्हणणे खरे होणार नाही. मला वाटली ती ओळख. जन्मभर ज्या आवाजासमोर उभा राहिलो, तोच तो आवाज होता, विश्वासाने पुढच्या शब्दाची वाट पाहणारा. मी डोळे मिटले आणि पाठ मिटवणारा शांतिमंत्र शेवटपर्यंत म्हटला. तोही दोनदा परत आला. त्यानंतर पायांजवळ गारवा जाणवला.

लहान बोटे माझ्या उजव्या पायाला लागली.

“आयुष्मान भव,” मी म्हणालो.

पुन्हा बोटे लागली.

“आयुष्मान भव.”

एकामागून एक ती येत राहिली. एका मनगटातल्या काचेच्या बांगड्या किणकिणल्या. एका हाताला खडूची भुकटी होती, ती मला अंगठ्यावर कोरडी जाणवली. पाया पडणाऱ्याला दीर्घायुष्य चिंतायचे, हे माझ्या जिभेला मौंजीपासून ठाऊक आहे. तिने मला विचारले नाही. शेवटचा हात बराच उशिरा आला, धापत, चाचपडत. त्यालाही मी तेच दिले.

मग खोलीभर कपड्यांची सळसळ झाली.

मुले पुन्हा मांडी घालून बसली होती.

आपण काय केले ते तेव्हा माझ्या ध्यानात आले. ‘गम्यताम्’ म्हणण्यासाठी मी तोंड उघडले, तोच विनायकने माझी बाही घट्ट धरली. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. कितीतरी वर्षे न आलेली धाप त्याला लागली होती.

“नको, काका,” तो म्हणाला. “मी आहे त्यांच्यात.”

आम्ही बाहेर आलो. फाटकापाशी पोचेपर्यंत त्याची धाप बसली. विनायक त्या दिवशी मीटिंगला गेला नाही.

ताई जाग्याच होत्या. “झालं?”

खोटे बोलणे मला जमले नाही. जे घडले ते सांगितले. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. आता रागावतील, असे मला वाटत होते.

“मागून आवाज आला म्हणालास,” त्यांनी विचारले. “विनायकचा?”

“हो, ताई.”

“म्हणजे त्यालाही ‘जा’ म्हणाला असतास.”

स्वयंपाकघरात विनायक पाणी पीत होता. पेला ठेवल्याचा आवाज आला, तशा ताई कान देऊन ऐकत राहिल्या. मग त्यांनी माझा हात आपल्या हातात घेतला.

“बरं झालं, दत्तू. तुझ्या जिभेला माझ्याहून जास्त कळलं. आता ती तुझी मुलं. उपाशी ठेवू नकोस त्यांना. रोज एक ओळ दे.”

त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. माघ लागला तसे त्यांचे बोलणे कमी होत गेले आणि एका पहाटे त्या शांतपणे गेल्या. तोवर टेकाडावर इमारतीची खूणही उरली नव्हती. कडुनिंब तेवढा पाडणाऱ्यांनी ठेवला आहे.

अरेरा कॉलोनीतल्या माझ्या घरात दुपारी कुणी नसते. जेवण झाले की मी बैठकीच्या खोलीतली खुर्ची भिंतीला लावतो, समोरची फरशी मोकळी करतो आणि एक ओळ म्हणतो. अर्थ विचारणारे कुणी नाही, आणि माझे चुकले तर मलाच सुधारावे लागते. शेवटी आशीर्वाद देतो. ‘जा’ म्हणत नाही. माझ्यानंतर हे कोण करील, हा प्रश्न मनात येतो.

काल विनायक आला होता. ताईंच्या वर्षश्राद्धाविषयी बोलायचे होते. त्याचे पोट थोडे उतरले आहे, चेहऱ्यावर तजेला आहे. डॉक्टरांनी छाती स्वच्छ असल्याचे सांगितले, असे तो म्हणाला. निघताना तो वाकला आणि त्याचा मोठा, उबदार हात माझ्या पायांना लागला. तो सरळ झाला, चपला घालू लागला.

मी आशीर्वाद दिला नव्हता. थोडा थांबलो होतो.

मग, नेहमीप्रमाणे मागून, दुसरा हात लागला. लहान आणि गार.

“आयुष्मान भव,” मी म्हणालो. तो दोघांनाही पुरो.