सहा रिकाम्या बाटल्या

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण त्या बाटल्यांची सीलं मी माझ्या हातांनी तोडली होती.

रात्र नव्हती. बुधवार होता, सकाळचे साडेअकरा. कोळशाच्या खाणीची पाणी तपासायची लॅब, खिडकीतून लख्ख ऊन.

माझा थोरला भाऊ त्याच खाणीत पाण्याचे नमुने आणायच्या कामावर होता. खाणीच्या खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने उपसून पाईपाने ओढ्यात सोडतात. सोडण्याआधी त्यात चुना मिसळायचा, गाळ खाली बसू द्यायचा, असा नियम. कारण ओढ्याचं पाणी झिरपत आजूबाजूच्या विहिरींत उतरतं. म्हणून दर बुधवारी दादाने पाईपाच्या खालच्या अंगाला सहा बाटल्या भरायच्या आणि मी त्या तपासायच्या.

चुना बंद होऊन दीड वर्ष झालं होतं.

साहेबांनी दादाला सांगितलं, बाटल्या पाईपाच्या वरच्या अंगाला भरत जा. तिथलं पाणी नितळ, खाणीचं पाणी तिथे पोचतच नाही. दादाला दोन मुली, नोकरी कंत्राटी. तो मुकाट्याने वर भरू लागला.

नमुने एवढे स्वच्छ कसे, हे मी त्याला कधीच विचारलं नाही. कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही.

पाईपाच्या खाली, ओढ्याकाठी एक काकू एकट्याच राहायच्या. लोकांचे कपडे शिवायच्या. त्यांच्या विहिरीचं पाणी तांबूस झालं होतं. दादाची जीप दिसली की मशीन थांबवून दारात यायच्या.

"पिऊ ना रे हे पाणी? तू तपासतोस म्हणून तुला विचारते."

"प्या की, काकू. रिपोर्ट चांगला आहे."

त्याच्या शब्दावर त्या पीत राहिल्या. मार्चमध्ये दोन्ही किडन्या निकामी होऊन काकू वारल्या. कशामुळे, ते कोणी तपासलं नाही. पुतण्याने मशीन नेलं आणि घराला कुलूप लावलं.

पुढच्या बुधवारी दादाने नेहमीसारख्या बाटल्या भरल्या. सील मारलं. पेटी मागच्या सीटवर ठेवली.

मी लॅबमध्ये पेटी उघडली...

सहाही सीलं शाबूत. आत थेंब नाही.

भरायला विसरलास की काय, म्हणून मी हसले. दादा हसला नाही. वाटेत मागून कोणीतरी पाणी पीत होतं, एवढंच म्हणाला.

त्याच्या पुढच्या बुधवारीही तेच.

तिसऱ्या खेपेला मी सोबत गेले. बाटल्या स्वतः भरल्या. पेटी मांडीवर घेऊन बसले.

काकूंच्या घरासमोर आलो...

आत शिलाई मशीन चालू होतं.

दाराला कुलूप होतं.

मशीन थांबलं.

मग अगदी कानाशी... घट... घट... घट... खूप तहानलेलं माणूस पितं तसं.

आणि माझ्या मांडीवरची पेटी हलकी होत गेली.

दादाने गाडी थांबवली. स्टिअरिंग धरून तो समोर बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "काकू, मी खोटं बोललो तुमच्याशी. ते पाणी प्यायचं नव्हतं."



तो उतरला, पेटी घेऊन पाईपाच्या खाली गेला आणि तांबडं पाणी भरून आणलं. ते लॅबपर्यंत जसंच्या तसं आलं.

मी आकडे खरे लिहिले.

साहेबांनी कागद वाचला. बाटल्या नीट धुतल्या नव्हत्या, नमुना रद्द, म्हणाले. आठवडा संपायच्या आत दादाला कोळशाचे ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर पाठवलं. माझ्यापुढे कोरा फॉर्म सरकवला.

मी त्यात नेहमीचे स्वच्छ आकडे भरले. सहीसुद्धा केली.

दादा त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलतो. त्याची काय चूक.

चुना अजून बंदच आहे. पुतण्याने ते घर भाड्याने दिलंय, नवरा-बायको आणि तान्हं मूल. विहीर तीच.

नमुने आता दुसरा माणूस आणतो. पाईपाच्या वरूनच. त्याच्या बाटल्या मात्र काठोकाठ भरलेल्या येतात. वाटेत काही ऐकू येतं का, मी आडून आडून विचारलं. काही नाही, म्हणाला.

काकू दादाकडेच का आल्या, मला कळलेलं नाही. माझ्याकडे का येत नाहीत, तेही नाही.

सही तर माझीच असते.