बत्तीस दातांचा युरोप

प्रेम ही मानवजातीला लाभलेली सर्वांत थोर शक्ती आहे. तिच्यापुढे सिंहासनं डळमळतात, पर्वत बाजूला सरतात आणि माणसं एकमेकांना आयुष्यातले गहन प्रश्न विचारू लागतात. या गोष्टीतला गहन प्रश्न असा होता : "युरोपात रेल्वेचा पास काढला तरी सीटचं रिझर्व्हेशन वेगळं करावं लागतं का हो?"

हा प्रश्न एका तरुणीने प्रवासकंपनीच्या ऑफिसात एका अनोळखी तरुणाला विचारला. कारण ज्याला विचारायचा तो कारकून 'आलोच' अशी पाटी ठेवून गेला होता, आणि अशी पाटी ठेवणारी माणसं कधी येतात हे त्यांच्या घरच्यांनाही माहीत नसतं.

तरुण बाकावर ताठ बसला होता. तरुणी बसली नव्हती. तिला बसणं जमतच नसे. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत... बाहेर वारा सुटला होता आणि आत ही.

"मी शाळेच्या सहलीची बस ठरवायला आलोय," तो म्हणाला. "पण हो, करावं लागतं. युरोपात बऱ्याच जलद गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना. सावकाश जाणाऱ्या गाडीत मात्र नुसता पास घेऊन चढायचं."

"तुम्ही जाऊन आलात?"

"छे! मी भूगोल शिकवतो."

ती हसली. तो हसला. आणि तिथेच घात झाला. ही मुलगी मावशीच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत असे. लोक माणसाचे डोळे पाहतात, हिची नजर दातांवर जाई. त्याचा डावा सुळा किंचित वाकडा होता, शेजारच्यांकडे काय चाललंय ते कुंपणावरून डोकावून पाहिल्यासारखा.

"तुमचा सुळा—"

"माहीत आहे. सगळे म्हणतात, सरळ करून घ्या."

"खबरदार!" ती इतक्या जोरात म्हणाली की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. मग ओशाळून पुन्हा चालू लागली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "मघापासून तुम्ही ज्या फेऱ्या मारताय, त्या पासात धरतात का?"

कारकून आला तेव्हा दोघांनाही तो नकोसा झाला होता.

तिला तीन महिने युरोपात एकटीने फिरायचं होतं. पायाला भिंगरी होतीच, आता रजाही होती. फक्त एक ठरत नव्हतं. पास घेतला तर रोज सकाळी उठून वाटेल तिकडे जाता येईल. सुटी तिकिटं आधी काढली तर स्वस्त पडतील, पण मग पुढच्या तीन महिन्यांतली प्रत्येक सकाळ आजच ठरवून टाकायची. कल्पनेनेच तिला धाप लागे.

तो तिकिटांच्या बाजूचा होता. शाळेचं वेळापत्रक तोच लावत असे. कुठल्या वर्गात कोण केव्हा असेल हे जून महिन्यातच ठरलेलं नसलं की त्याला जेवण जात नसे.

"रविवारी लॅबवर या," ती म्हणाली. "मोठं टेबल आहे. नीट भांडता येईल."

लॅबमध्ये मेणाचा आणि ओल्या प्लास्टरचा वास होता, आणि फळ्यांवर ओळीने गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे साचे. नकाशा मांडायला गावं हवी होती. तिने साचे उचलले आणि टेबलावर युरोप उभा केला.

"हे विमा एजंट, इथून सुरुवात. मग या गायनाच्या बाईंवरून खाली—"

"खाली कुठे? मध्ये डोंगर आहेत."

"मग मुख्याध्यापकांना मध्ये ठेवा. त्यांच्या दाढा उंच आहेत."

बंदराचं गाव राहिलं, तेव्हा तिने परगावी लेकीकडे गेलेल्या एका निवृत्त न्यायाधीशांची, पॉलिश होऊन पडून राहिलेली नवीकोरी कवळीच तिथे ठेवली. उन्हात ती खरोखर समुद्रकाठच्या शहरासारखी चमकली.

मग रविवार जात राहिले. एका रविवारी हिशेब पासाच्या बाजूने लागे, कारण तिने वाटेत आणखी चार गावं वाढवलेली असत. पुढच्या रविवारी तिकिटांच्या बाजूने, कारण तिला एका गावात आठवडाभर राहावंसं वाटे आणि पास फुकट पडून राही.

"पण एकाच गावात आठवडाभर? तुम्ही? तुम्ही तर चहासुद्धा उभ्याने पिता."

"म्हणूनच तर... बसून बघावं म्हणते. कुणी सोबत बसणारं असेल तर."

तो घाईघाईने विमा एजंट सरळ करू लागला.

खरी भानगड दोघांनाही कळली होती आणि दोघंही ती बोलत नव्हते. ज्या दिवशी ठरेल, त्या दिवशी रविवार संपणार. ती जाणार, आणि तो वर्गात फळ्यावर तेच डोंगर काढत बसणार. तेव्हा तो, ज्याला अनिश्चिततेने जेवण जात नसे, दर आठवड्याला ठरत आलेलं काहीतरी मोडून ठेवी आणि घरी जाऊन दोन पोळ्या जास्त खाई.

शेवटी मावशीचा धीर सुटला. "अगं, एवढ्या वेळात माणसं संसार थाटून भांडून माहेरी परत येतात! तुझ्या बदली जी मुलगी येणार आहे, तिला मी उद्या कळवणार. काय ते आज ठरवा. आणि तुम्ही हो, मास्तर, तो सुळा दाखवत हसू नका, मला सगळं दिसतंय."

एवढं बोलून मावशी आतल्या खोलीत गेल्या आणि दाराला कान लावून पेपर वाचू लागल्या.

खिडकीची तावदानं वाऱ्याने खडखडत होती. ती फेऱ्या घालत होती. तो टेबलाशी उभा होता.

"पास घ्या," तो एकदम म्हणाला.

ती थांबली. "तुम्ही? तिकीटवाले?"

"तुम्हाला पासच लागणार, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. कारकून यायच्या आधीच."

"मग इतके रविवार काय करत होतात?"

"वेळ काढत होतो... तुमच्याबरोबर."

ती टेबलाजवळ आली. खुर्ची ओढली आणि चक्क बसली. आत पेपर वाचायचा थांबला.

"मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "पण पासात एक अडचण आहे. कुठेही जाता येतं... आणि कुठेच कुणी वाट बघत नसतं."

"मला उन्हाळ्यात सुट्टी असते." तो म्हणाला. "मी कधी कुठे गेलेलो नाही. पण तुम्ही कुठे असाल ते जर आधी कळलं... निदान एक दिवस, एक गाडी—"

"एका गाडीचं रिझर्व्हेशन करीन. एकच. बाकी सगळं वाऱ्यावर."

"कुठली गाडी?"

तिने हात लांब करून नकाशावरची ती चमकणारी कवळी उचलली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "समुद्राकडे जाणारी. खिडकीची जागा माझी. शेजारची तू कर."

'तू' ऐकून त्याचे कान लाल झाले. त्याने मूठ मिटली, अगदी अलगद. मनात कितीतरी रविवारांपासून जपून ठेवलेलं एक लांबलचक वाक्य होतं. त्याने श्वास घेतला. "ऐक, मी आजवर—"

दार वाजलं. दारात निवृत्त न्यायाधीश उभे होते. गाल बसलेले, हातात काल लॅबवरून घरी पोचवलेली डबी. त्यांनी ती उघडून पुढे केली. आत गायनाच्या बाईंची कवळी होती; गेल्या रविवारी नकाशा आवरता आवरता अदलाबदल झाली होती.

न्यायाधीशांनी तरुणीकडे पाहिलं. तरुणाकडे पाहिलं. त्याच्या छातीशी धरलेल्या मुठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आयुष्यभर निकाल देण्याची सवय असलेल्या माणसाला परिस्थिती समजायला वेळ लागला नाही.

"तुमचं सावकाश चालू द्या," ते म्हणाले. "माझे दात तेवढे द्या. पानं वाढलीत."