नववा थर

सकाळी सात वाजता गवंडीण कामावर आली, तेव्हा एक अनोळखी माणूस तिच्या भिंतीला गाल लावून उभा होता. डोळे मिटलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान, की भिंतीने नुकतंच त्याच्या कानात काहीतरी गोड सांगितलं असावं.

"अहो," ती म्हणाली, "झोप झाली नसेल तर समोर बाकडं आहे."

तो दचकला. अर्धा गाल लाल मातीने माखलेला. "मी... ओल बघत होतो. यंत्राची बॅटरी संपली."

"म्हणून गाल?"

"तळहात राठ असतो. गालाला ओल आधी कळते."

गवंडिणीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. ही गालाची युक्ती तिला मामाने शिकवली होती. मामाच्या म्हणण्याप्रमाणे ती उभ्या जगात दोघांनाच ठाऊक होती. आता तिसरा निघाला.

"मग? काय म्हणते आमची भिंत?"

"डावीकडे वाळलीय. उजवीकडे अजून... लाजतेय."

"भिंती लाजत नाहीत. उजवीकडे सावली असते," ती म्हणाली. पण पाठ फिरवून म्हणाली, कारण ओठ काही ऐकत नव्हते.

हा माणूस म्हणजे बांधकाम कार्यालयाचा नवा तपासनीस. उंच, सडसडीत, आणि खिशातली पट्टी घरी राहिली तर कपडे विसरल्यासारखा कावराबावरा होणारा. दुपारच्या आतच मजुरांनी त्याचं नाव ठेवलं, मोजपट्टी.

बांधायचं होतं वाचनालय, पण साधंसुधं नाही. आवारात सिमेंटचं एक पोतंही येऊ द्यायचं नाही, अशी अट. पायासाठी खणलेली तीच माती, तिच्यात थोडी वाळू, थोडा चुना. फळ्यांच्या साच्यात वीतभर थर ओतायचा आणि धुमसाने ठोकून ठोकून त्याचा अर्धा करायचा. की पुढचा थर. ना भट्टी, ना धूर, ना लांबून येणारे ट्रक. वरच्या मंडळींनी सांगून टाकलं होतं, ही भिंत पाण्याच्या परीक्षेला उतरली तर पुढची बारा वाचनालयं अशीच मातीची. नाही उतरली, तर ही पाडा आणि सिमेंटवाल्यांना बोलवा.

परीक्षा सोपी होती, म्हणजे ऐकायला. शेवटचा थर ठोकल्यावर अठ्ठावीस दिवस थांबायचं, मग भिंतीवर एकाच जागी तासभर जोराचा फवारा मारायचा. भोक बोटाच्या दोन पेरांपेक्षा खोल गेलं, की खेळ खलास. गवंडिणीने या भिंतीपायी उंच इमारतींवरचं चांगलं चाललेलं काम सोडलं होतं. तिच्या भरवशावर आणखी चौदा जणांनी सोडलं होतं. मामाने तर भिंत पडली तर मिश्यांसकट धंदा उतरवून ठेवीन असं जाहीर केलं होतं, आणि मामाच्या मिश्या अशा होत्या की त्यांच्यावर चिमण्या बसत.

त्या पहिल्याच दिवशी नववा थर पडायचा होता.

माती थरात घालण्याआधी तिचा गोळा करतात. मुठीत दाबायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर. भुगा झाला तर कोरडी. तसाच राहिला तर पाणी जास्त. गवंडिणीने गोळा केला, हात पुढे धरला...

"सगळे म्हणतात, तुम्ही लोकांना चुना लावता," मोजपट्टी गंभीरपणे म्हणाला.

"लावते की. रोज दहा घमेली. तुम्हाला किती हवाय?"

तो हसला. हसताना त्याच्या मातीच्या गालाला तडे गेले आणि खालून दुसराच, बराच तरुण माणूस बाहेर आला. गोळा खाली पडला. त्याचे किती तुकडे झाले, ते तिने पाहिलंच नाही.

"घाला!" ती मजुरांना म्हणाली.

संध्याकाळी फळ्या काढल्या, तर नववा थर इतर थरांपेक्षा गडद. ओला ठोकला गेलेला. वर दहावा चढलेला. आता तोडायचं म्हणजे सगळंच तोडायचं. ती कोणाला काही बोलली नाही. मोजपट्टीही बोलला नाही, पण त्याची नजर त्या काळ्या पट्ट्यावर क्षणभर थांबली होती... हे तिने पाहिलं.

नियमाप्रमाणे त्याने आठवड्यातून एकदा यायचं होतं. तो रोज येऊ लागला.

"ह्याला नियम कळत नाहीत, की वार कळत नाहीत?" मामा विचारी.

"त्याला ओल कळते, मामा," गवंडीण म्हणे आणि उगीचच ओळंबा सोडून सरळ भिंत पुन्हा सरळ आहे का ते बघे.

भिंत वाढत गेली तशी गारव्याची ख्याती पसरली. समोरच्या सिमेंटच्या इमारतीत दुपारी पंखा लावला तर तोच घामाघूम होई. इकडे भिंतीच्या सावलीत तीन गल्ल्यांतली कुत्री आपापली जुनी भांडणं मिटवून ओळीने झोपत. मोजपट्टीने एकदा आत तापमापक टांगला, तर पारा खाली उतरून असा पसरला, की चादर मागायचा तेवढा राहिला.

"उद्या याल?" ती विचारी.

"उद्या... तसं काही काम नाही."

"मग?"

"येईन."

शेवटचा थर ठोकला गेला, दिवस मोजले गेले, आणि परीक्षेला दोन दिवस उरले असताना तो आला नाही. आली ती चिठ्ठी, फाटकावर चिकटवलेली: 'तपासनिसांनी हितसंबंधाच्या कारणावरून, अर्ज करून, या कामातून अंग काढून घेतले आहे. परीक्षा मोठ्या बाई घेतील.'

"हितसंबंध म्हणजे सिमेंटवाल्यांनी गाठला त्याला," मामाने निकाल देऊन टाकला. "तरी म्हटलं, रोज येतो कशाला!"

गवंडिणीच्या डोळ्यांपुढे तो काळा पट्टा होता. त्याने पाहिला, पडणार हे ओळखलं, आणि आपलं नाव वाचवून पळाला. घमेलं आपटून ती तशीच, मातीच्या हातांनी, कार्यालयात गेली.

"त्यांचा अर्ज बघायचाय."

कारकुनाने चष्मा वर केला. "बघा की. हे अर्ज जाहीरच असतात. पण आजवर कोणी बघायला आलं नव्हतं हो." त्याने कागद झटकून पुढे केला, आणि स्वतः खिडकीबाहेर बघू लागला. एरवी तो खिडकीबाहेर कधीच बघत नसे.

छापील प्रश्न, आणि खाली पट्टी लावून लिहिल्यासारखी सरळ अक्षरं.

'काम करणाऱ्यांपैकी कोणाकडून काही स्वीकारले आहे काय?' 'होय. चहा, एक कप. नाही म्हणायला हवे होते. म्हणता आले नाही.'

'काम करणाऱ्यांपैकी कोणाशी नाते?' 'अजून नाही.'

'तपासणीवर परिणाम होण्याचा संभव?' 'झालाच आहे. आठवड्यातून एकदा जायचे असताना रोज गेलो. भिंतीकडे बघायचे असताना बराच वेळ दुसरीकडे बघितले. नवव्या थराबद्दल माझे मत धरू नये. तो ठोकताना मी तिथे बोलत उभा होतो. तो ढासळला, तर चूक माझी आहे.'

तिने कागद दोनदा वाचला. 'अजून नाही' तेवढं तीनदा. कागदावर तिच्या अंगठ्याचा लाल ठसा उमटला होता.

"पुसू का?" कारकुनाने विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या मुख्य अधिकारी, आल्या. त्यांचा दरारा असा, की त्यांनी सख्ख्या भावाचा जिना एका पायरीपायी नापास केला होता, आणि मग त्याच जिन्याने, कठडा न धरता, खाली उतरल्या होत्या. त्यांनी भिंतीभोवती एक फेरी मारली आणि चौथ्या थरावर खडूने फुली केली. मामाने हळूच श्वास सोडला. चौथा थर लोखंड होता.

गवंडीण पुढे सरकली. दुसऱ्या कोणी तिच्या थराची चूक आपल्या नावावर लिहून घेतली होती, आणि आपण इथे मुकाट्याने पास व्हायचं?

"बाई, तिथे नको."

"का?"

"नवव्यावर मारा. तो माझ्या हातून ओला ठोकला गेलाय. तो टिकला, तरच भिंत टिकली म्हणायचं."

"ही भाची आहे की वैरीण!" मामा मटकन खाली बसला.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ओला का ठोकला?"

"लक्ष नव्हतं."

"कुठे होतं?"

चौदा मजुरांना एकाच वेळी आभाळात काहीतरी दिसलं.

"...दुसरीकडे."

"हं," बाई म्हणाल्या. "अर्ज मीही वाचलाय." आणि त्यांनी फुली पुसून नवव्या थरावर काढली.

फवारा सुटला. पाणी काळ्या पट्ट्यावर आदळलं, तुषार उडाले, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर बारीक लाल ठिपके उमटले. खाली तांबडा ओहोळ वाहू लागला. प्रत्येक ढेकळागणिक गवंडिणीची मूठ आवळत होती. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, कोणीतरी उंच, सडसडीत उभं होतं. आत यायची त्याला मनाई होती. तासभर तो हलला नाही आणि तीही नाही.

पाणी थांबलं. बाईंनी भोकात करंगळी घातली. इतकी शांतता, की कुत्रीसुद्धा उठून बसली.

"एक पेर," बाई म्हणाल्या. "वर नखभर. पास."

मग काय झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही. मामा म्हणे नाचला; मिश्या त्याच्या आधीच नाचत होत्या. बाई सही करून जाता जाता पुटपुटल्या, "जास्तीच्या पाण्याने चुना कधी कधी सुधारतो, थर घट्ट होतो. तपासनीस नाही सुधारत."

गवंडीण फाटकाशी गेली. तो तिथेच होता.

"अभिनंदन," तो म्हणाला.

"मला वाटलं, तुम्ही पळालात."

"अर्ज... वाचलात?"

"वाचला." ती थांबली. "आता बारा वाचनालयं मातीची होणार. त्यातलं एकही तुम्हाला तपासता येणार नाही."

"एकही नाही."

"मग नोकरी?"

"बदली मागून घेतली. लिफ्ट तपासायला."

ती विचारात पडली. "आमच्या बांधकामांना लिफ्टच नसते. एकमजली असतात सगळी."

"हो ना," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "ते बघूनच मागितली."

मागे मजूर नव्या भिंतीच्या फळ्या उतरवत होते.

"म्हणजे आमच्या कामाशी तुमचा आता काही संबंध नाही?"

"काडीचा नाही."

"मग हात लावलेला चालेल?"

तो कानापर्यंत लाल झाला. "क-कशाला?"

"फळीला!" ती हसून म्हणाली. "ये आत. धर ते टोक."

"काय म्हणालात?"

"म्हणालात नाही. म्हणालीस."

त्याने फळी उचलली. उलटी उचलली होती, पण पहिल्याच दिवशी काही बोलायचं नाही, असं तिने ठरवून टाकलं.