काश्मीरातला हात

"हा हात कोणाचा हाय?"

राजनंदिनीनं अल्बम स्टुडिओतल्या टेबलावर आपटला.

"नवरदेवाचा." मुन्नानं वर न बघताच सांगितलं.

"खोटं नको बोलू! आमच्या नवरदेवाच्या हाताला भाजल्याचा डाग न्हाई. तुझ्या हाताला हाय. दाखव... दाखव बरं!"

मुन्नानं हात टेबलाखाली घेतला. एरवी गोरेगावासारख्या छोट्या गावात त्याला कोणी एक बोललं की तो चार ऐकवणार. शाळा बी अशीच सुटली व्हती. पण ही पोरगी समोर आली की जीभ टाळूला चिकटायची.

चूक तशी धंद्यातली व्हती. नवरदेव पुण्यात, त्याला सुट्टी न्हाई. पण लग्नाआधीचा काश्मीरचा अल्बम त्याच्या आईला पाहिजेच. मंग मुन्ना कामाला व्हता त्या कोंडीबाकाकाच्या स्टुडिओतला नेहमीचा इलाज — पोरगी हिरव्या पडद्यासमोर, बाजूला मुन्ना, तिच्या खांद्यावर हात ठेवून. अन् समोर खुर्चीवर पोरीच्या सरलामावशीचा पहारा. मागून कम्प्युटरवर पडद्याच्या जागी फुलांचे ताटवे बसवायचे, मुन्नाचं मुंडकं काढायचं, नवरदेवाचं लावायचं.

असा तो दर वसंतात काश्मीर, शिमला, मुन्नार फिरून यायचा... बिनमुंडक्याचा. अन् दुपारी डबा मात्र एकटाच खायचा, पडद्याकडं पाठ करून.

"अन् हे गोरे हात कोणाचे?"

"तुझेच. पिवळे व्हते, साफ केले."

"घरी हळद शिजवून राहिलो आमी, पिवळेच असतील ना! माझी हळद पुसलीस अन् तुझा डाग ठेवलास?"

"साफ कर म्हणून नवरदेवाचाच फोन व्हता."

राजनंदिनीनं आपल्या पिवळ्या बोटांकडं बघितलं. बाहेरून शिजल्या हळदीचा वास येऊन राहिला व्हता. तिच्या ओढणीला बी तोच वास.

"अन् डाग?" तिनं हळूच इचारलं.

"चुकून राहिला."

"गावातल्या निर्मलाच्या लग्नाच्या अल्बमात न्हाई राहिला चुकून. द्वारकाच्या बी न्हाई. सगळे बघून आले मी."

मुन्नानं अल्बम मिटून बाजूला सारला.

"खांद्यावर हात थरथरून राहिला व्हता तुझा. ते बी चुकूनच?"

"पंखा व्हता."

"पंख्यानं हात थरथरतो व्हय रे?"

ती हसली. मुन्नाला बी हसू आलं... अन् मंग दोघांचं हसू एकदमच थांबलं. परवा तिची हळद. मंग ती पुण्याला.

"मुन्ना, खरा फोटो हाय का? काहीच न बदललेला?"

त्यानं कम्प्युटरवर काढून दिला. चुण्या पडलेला हिरवा पडदा. तिचे पिवळेजर्द हात. खांद्यावर डागाचा हात, अन् त्या हाताचा धनी... मुंडक्यासकट.

"ह्यात काश्मीर कुठं हाय?"

"न्हाई ह्यात."

"नकोच," ती म्हणली. लय वेळ बघत राहिली. "मला पाठव हा."

"नवरदेवानं बघितला तर?"

"मोबाईल माझा हाय." मंग आवाज बारीक झाला. "सगळ्या गावाशी भांडतोस. माझ्याशी एकदा तरी धड बोल ना... काय हाय तुझ्या मनात?"

"नंदे!" मावशी बाहेर जीपीतून ओरडली. "चल गं, गाडी भरली!"

राजनंदिनी जागची हलली न्हाई.

मुन्नानं फोटो पाठवला. तिच्या हातातला मोबाईल वाजला. त्यानं कॅमेऱ्याची बॅग खांद्याला अडकवली. शेजारच्या साखरा गावात एक साखरपुडा वाट बघून राहिला व्हता. दारात जाऊन तो थांबला, पण वळला न्हाई.

"सगळे कॅमेऱ्याकडं बघतात तसा मी त्या फोटोत बघून राहिलो न्हाई. कुठं बघतो ते तू बघ... मला निघावं लागंल आता."