फुलीची दुसरी रेघ

काचवालीने त्या दुपारी काच कागदात गुंडाळली, दोरीने आवळली आणि नणंदेच्या घरी निघाली. एक खिडकी बसवायची होती, बस्स. रोजचंच काम. पण त्या घराचा जिना ती वर्षभर चढली नव्हती, आणि का चढली नव्हती हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी समोरच्या चौकात कुणीतरी बाकाखाली पिशवी ठेवून गेलं. कुणी ठेवली, कशापायी ठेवली, यावर शहाणी माणसं अजून वाद घालतात. घालू देत. पिशवीचा स्फोट झाला तेव्हा तिचा नवरा खांद्यावर काच घेऊन चौक ओलांडत होता. काच बहिणीच्याच खिडकीची. बहिणीनेच घाई केली होती, "आत्ताच्या आत्ता ये, वारा आत येतोय." तेवढ्या वाऱ्यापायी भाऊ गेला. काचवालीने हे कधी तोंडातून काढलं नाही. पण न बोलता माणूस जेवढं बोलू शकतं, तेवढं सगळं बोलून झालं होतं.

तिसऱ्या मजल्यावर नणंदेने दार उघडलं. भर दुपारी आत दिवा. खिडकीला काचेच्या जागी वर्षभराचा पुठ्ठा.

"आलीस."

"गिऱ्हाइकाचा निरोप आला की जावंच लागतं, वन्सं."

"बरं, गिऱ्हाईक तर गिऱ्हाईक."

"आजवर पुठ्ठ्याने काय बिघडलं होतं?"

"पुठ्ठा कुणाला कापत नाही, म्हणून ठेवला होता." नणंद पदराशी चाळा करत राहिली. "पण दिवस कधी मावळतो तेच कळेनासं झालंय गं. मध्यंतरी खाली टायर फुटला, तर मी टेबलाखाली. शेजारीण हसायला लागली. मग दुसरा फुटला, तशी तीही शिरली माझ्याशेजारी."

काचवालीला हसू आलं होतं. तिने ते गिळलं.

तिने पुठ्ठा उतरवला. मोकळ्या चौकटीतून खाली चौक दिसला, ओसाड. बाकाच्या जागी नुसती फरशी. चौकाच्या कठड्यावर त्या दिवशी गेलेल्यांचे फोटो, उन्हाने चेहरे पुसट झालेले. माणसं अजूनही चौक टाळून कडेकडेने जात होती. खिडकीबाहेर सज्जा नव्हता, पाय टेकायला कंगोराही नव्हता, तेव्हा सगळं काम आतूनच. तिने जुनी पुट्टी खरवडली, चौकटीत अडकलेला चुरा ब्रशने झाडला, काच बसवली, बारीक खिळे मारले आणि कडेने नवी पुट्टी अंगठ्याने दाबत नेली. पुट्टीतल्या जवसाच्या तेलाचा वास खोलीभर पसरला. तोच वास नवऱ्याच्या शर्टांना असायचा.

नवी काच बसली की तिच्यावर खडूची फुली मारायची, नाहीतर वाट मोकळी समजून कुणीतरी हात घालतं. ही फुली नवराबायको वाटून घ्यायचे. एक रेघ तिची, दुसरी त्याची. तो गेल्यापासून ती एकच रेघ मारून घरी यायची. कुणी विचारलंच, तर म्हणायची, "एवढ्यावर भागतं."

तिने खडू घेतला, आपली रेघ ओढली, आणि हात तिथेच थांबला.

काचेपलीकडे बाक होता.

बाकावर एक म्हातारा बूट काढून पाय चोळत बसला होता. फुगेवाल्याशी कुणी बाई किमतीवरून हुज्जत घालत होती. हे सगळे चेहरे तिने पाहिले होते, कठड्यावर. आता त्यांना रंग होता, सावल्या होत्या, घाम होता. इतकी माणसं, इतकी साधी, आपापल्या कामात. तिची नजर हटेना. देवळात गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर माणूस उभं राहतं तशी ती उभी राहिली.

"वहिनी..." नणंद कुजबुजली, "तुलाही दिसतंय...?"

"बोलू नका."

चौकाच्या टोकाशी ऊन चमकलं. खांद्यावर काच घेऊन तो येत होता. नेहमीसारखा, किंचित तिरका. बाकाकडेच येत होता.

"आता..." नणंदेने तिचा हात घट्ट धरला. "आता होईल... अगं, त्याला हाक मार..."

तो बाकापाशी पोचला. थांबला. मान वर करून त्याने थेट या खिडकीकडे पाहिलं. खांद्यावरची काच उन्हात अशी लखलखली, की दोघींनी डोळे मिटले आणि एकमेकींना बिलगून वाट पाहिली.

आवाज झालाच नाही.

डोळे उघडले तेव्हा चौक रिकामा होता. फरशी, कठडा, फोटो. आणि जिन्यावर पावलं वाजत होती. सावकाश. प्रत्येक वळणावर थांबून, काच भिंतीला लागू नये म्हणून माणूस थांबतो तशी. पावलं दाराशी येऊन थांबली.

"मीच बोलावलं होतं गं त्याला," नणंद हुंदक्यात म्हणाली. "संध्याकाळी आला असता तरी..."

काचवालीने दार उघडलं. कुणी नव्हतं. जिना खालपर्यंत मोकळा, आणि त्यात जवसाच्या तेलाचा दाट वास.

उंबऱ्यातून ती मागे वळली. मग म्हणाली, "तुम्ही बोलावलंत म्हणून नाही निघाला तो, वन्सं. त्याने कधी कुणाचं ऐकलंय? त्याला इथे यायचंच होतं. आणि... आला की."

नणंद रडता रडता खिडकीकडे वळली, आणि रडणं जागीच थांबलं.

काचेवर पुरी फुली होती.

खाली बस गेली, नवी काच थरथरली. वर्षभरात पहिल्यांदाच नणंद दचकली नाही. तिचं तिकडे लक्षच नव्हतं. काचवालीने फडकं घेतलं. आपली रेघ पुसली, रेघ साफ निघाली. दुसरीवरून फडकं फिरवलं, पुन्हा फिरवलं.

ती रेघ बाहेरून होती. आणि काचेपलीकडे, पाय टेकायला जागा नव्हती तिथे, खडूची भुकटी अजून खाली झरत होती.