साडेचार बोटांचा ठसा

दुपारचे दोन वाजले होते. वारा पडलेला, आणि राखेच्या तळ्यावर ऊन असं साचलं होतं की त्याच्याकडे बघवत नव्हतं. तिनं बंधाऱ्यावरच्या चौकीत येऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि टेबलाखालचा पत्र्याचा डबा हळूच पुढे ओढला. डब्यात बंधाऱ्याच्या पायथ्याची कोरडी राख होती.

तिचं काम तसं सोपं. कारखाना वीज करतो, त्याची राख पाण्यातून या तळ्यात येते, आणि तळ्याला मातीचा उंच बंधारा आहे. रोज ऐंशी पायऱ्या उतरायच्या, पायथ्याला तळवा टेकवायचा, वर येऊन तोच तळवा काळ्या कागदाच्या वहीत उमटवायचा. पांढरा ठसा म्हणजे बंधारा कोरडा, करडा म्हणजे ओल, धोका. शेजारी रकाना असतो, 'जबाबदार'. तिथे सही करायची.

ही पद्धत तीन वर्षांपूर्वीच्या फुटीनंतर सुरू झाली. तेव्हा खालच्या वस्तीतली अकरा घरं राखेच्या चिखलात गाडली गेली होती. काय तो आरडाओरडा! मेणबत्त्या, कॅमेरे, फाटकावर दगड. तीसुद्धा सात महिन्यांचं पोट सांभाळत पहिल्या रांगेत ओरडत होती, "जबाबदार कोण?" सगळ्यांनी बोट दाखवलं ते जुन्या पाहणीवाल्याकडे. त्याची उजवी करंगळी अर्धी तुटलेली, म्हणून त्याला सगळे 'साडेचार' म्हणायचे. न बघताच त्यानं 'कोरडं' लिहिलं होतं. पहिल्या लोंढ्यात तोच वाहून गेला, सापडला नाही. "बरं झालं मेला," असं ती तेव्हा म्हणाली होती.

चार महिन्यांत सगळं थंड झालं. घरं पुन्हा तिथंच उभी राहिली. आणि डब्याची युक्ती तिला सुपरवायझरनंच शिकवली. "कशाला गुडघे झिजवतेस, बाई? सगळे हेच करतात."

गेल्या आठवड्यात तिनं दोनदा डबा उघडला होता. काल तिसऱ्यांदा. आज तर लेक तापानं फणफणली होती, सासूजवळ ठेवून आली होती, आणि जीव सगळा घरात अडकलेला. तिनं राखेत हात बुडवला, वहीवर दाबला, उचलला. पांढरा, सुरेख ठसा.

तेवढ्यात पायऱ्यांवर आवाज आला. पच्... पच्... ओल्या पायांनी कुणीतरी सावकाश वर येत होतं.

"कोण आहे?"

आवाज थांबला. चौकीत ओल्या राखेचा वास पसरला, जुना, कोंदट. तीन वर्षांपूर्वी घराघरातून येत होता तोच. तिनं खाली बघितलं. उंबरठ्यापासून टेबलापर्यंत ओली पावलं उमटली होती. आत आलेली... परत गेलेली नाहीत.

आणि वहीत तिच्या ठशाशेजारी दुसरा तळवा हळूहळू उमटत होता. करडा, गच्च ओला. अंगठा, तीन बोटं... आणि अर्धी करंगळी.

तिच्या तोंडातून कसंबसं आलं, "दादा... चुकलं माझं. बघते मी. आत्ता बघते."

ऐंशी पायऱ्या ती कशी उतरली, तिचं तिलाच ठाऊक. पायथ्याला हात टेकवला तर मनगटापर्यंत थंडगार चिखलात गेला. खालून बोटाएवढी धार वाहत होती. निवळशंख असती तर एक वेळ चाललं असतं. ही गढूळ होती. बंधारा आतून पोखरला जात होता.

धावत वर चौकीत येऊन तिनं सुपरवायझरला फोन लावला. वस्तीला सावध करायचा भोंगा शेजारीच होता.

"भोंग्याला हात लावू नकोस!" तो खेकसला. "मागं उंदरानं वायर कुरतडली नि भोंगा वाजला, महिनाभर लोक मला उंदीरमामा म्हणत होते. आणि कालच तर तू कोरडं दिलंस ना?"

"काल मी खाली उतरलेच नव्हते, साहेब. काल खोटं दिलं. आज खरं सांगतेय."

आणि तिनं भोंग्याचा दांडा खाली ओढला.

वस्तीत धावत शिरली तर लोक दारात उभे राहून हसत होते. न्हाव्यानं वस्तरा हातात धरूनच हाक मारली, "आली बघा भोंगेवाली! आज उंदीर का घूस?"

तिला दम लागला होता. बोलत बसण्यापेक्षा तिनं चिखलाचा हात सरळ त्याच्या दारावर दाबला. करडा, ओघळणारा ठसा. न्हाव्याचं हसू जागच्या जागी विरलं. तो रंग वस्तीत कुणाला सांगावा लागत नव्हता.

"ओलं?"

"ओलं. पोरं उचल आणि टेकडीवर पळ!"

मग ती दारोदार थापा मारत सुटली. तिच्या घरापाशी सासू नातीला खांद्यावर टाकून तयारच होती. "हिला मी बघते. तू पुढची दारं कर. जा म्हणते ना!"

पुढची गल्ली रिकामी झाली, तोच वरून घरघर ऐकू आली. मागच्या गल्लीत जायला वेळच उरला नाही. लोकांनी तिला ओढत टेकडीवर नेलं. डोळ्यांसमोर बंधारा बसला, आणि करडा लोंढा घरं, झाडं, न्हाव्याची खुर्ची सगळं गिळत गेला.

"मागची गल्ली..." ती मटकन खाली बसली.

"अगं, वर बघ तरी!" सासू म्हणाली.

मागची गल्ली टेकडीवर होती. सगळीच्या सगळी. मास्तरांनी दोनदा मोजलं. दोनशे चौतीस माणसं, तान्ह्या बाळांसकट. एकही कमी नाही! एकदम असा जल्लोष उठला की तापातली लेकसुद्धा टाळ्या पिटू लागली. न्हाव्यानं जुनी घोषणा दिली, "जबाबदार कोण?"

तिनं चिखलानं माखलेला हात उंच केला. "मी!"

"मी!" सासू ओरडली. मग सगळेच.

तेवढ्यात मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई जवळ आल्या. "किती जोरात थाप मारलीस गं! दार निखळायचं राहिलं."

"मावशी... मी तुमच्या गल्लीत आलेच नाही."

आता वस्ती टेकडीवर आहे, आणि नव्या बंधाऱ्याची चौकीही. शिंपीणबाईंचं दार चिखलातून सापडलं, तेच चौकीला बसवलंय. त्यावरचा साडेचार बोटांचा ठसा घासूनही जात नाही. रोज ती आधी त्याच्यावर तळवा ठेवते, मग पायऱ्या उतरते. तळव्याला रोज पांढरी, कोरडी पूड लागते.

आज तळवा ओला झाला.

तिनं पिशवी तिथंच टाकली आणि पायऱ्या उतरायला लागली. पहिल्या पायरीवर ताजं ओलं पाऊल होतं, खाली जाणारं.