सात नंबरची शिंगं

एक सप्टेंबरला वाळवणीच्या शेडमध्ये शिंगांच्या अकरा जोड्या होत्या. चार रानरेड्यांच्या, बाकी हरणांच्या: तीन कुडूंच्या, तीन पुकूंच्या आणि एक इम्पालाची. वर पत्रा, चारी बाजूंना तरसाचं तोंड आत शिरणार नाही अशी जाळी, सिमेंटची जमीन, एक दार, एक कुलूप. किल्ली एकच होती आणि ती माझ्या गळ्यात होती. प्रत्येक कवटीला तारेने बांधलेला पत्र्याचा बिल्ला होता. सात नंबरचा बिल्ला एका म्हाताऱ्या रानरेड्याचा. शिंगांची बाहेरून बाहेर रुंदी १०४.२ सेंटिमीटर. वरच्या जबड्यातली डावीकडची शेवटची दाढ अर्धी तुटलेली.

उकळून साफ केलेली शिंगं तीस दिवस वाळू द्यायची, मग मोजायची, फॉर्मवर रुंदी आणि शिकारीची जागा लिहायची, खाली सही करायची. वन्यजीव खात्याने मला दिलेलं काम एवढंच. लुसाकाहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन मी आले त्याला चार महिने झाले होते. माझ्या सहीशिवाय शिंगं देशाबाहेर जात नाहीत. सात नंबर मारणारा ब्वाना, म्हणजे परदेशी शिकारी साहेब, आपल्या देशी परतून भिंतीत खिळा ठोकून बसलाय, असं शिकार कंपनीच्या कॅम्पचा मॅनेजर डर्क दर दोन दिवसांनी ऐकवायचा.

सात नंबरच्या फॉर्मवर जागेचा रकाना मात्र मी कोरा ठेवला होता. त्या शिकारीत माग काढणारा होता योतामू, माझा सख्खा मामा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे रेडा लुआंग्वा नदीच्या पश्चिम काठावर पडला. पूर्व काठ कंपनीच्या शिकारीचा. पश्चिम काठ राष्ट्रीय उद्यानाचा, तिथे बंदूक नेणंही गुन्हा.

"मी ब्वानाला म्हटलं, तो नदी उतरून गेला, आता तो आपला नाही," मामा म्हणाला. "तर डर्क म्हणतो, पाणी घोट्याएवढं आहे म्हाताऱ्या, एवढ्याशा पाण्याने काय बिघडतं!"

डर्कचं म्हणणं, रेडा पूर्वेलाच पडला आणि मामाला आता दिसत नाही. मामाला शंभर पावलांवरून इम्पालाचं लेंडूक कालचं की आजचं ते कळतं. पण फॉर्मवर मामाचे डोळे पुरावा म्हणून चालत नाहीत.

आठ तारखेला सात नंबर १०४.९ भरला. माझा हात हलला असेल असं मी वहीत लिहिलं.

पंधरा तारखेला फॅक्सन सुताराने शिंगं पाठवायचा खोका आणला. आतून १०६, माझ्याच आकड्यावरून बनवलेला. शिंगं आत जाईनात.

"फॅक्सन," मामा म्हणाला, "हा खोका रेड्यासाठी केलास की तुझ्या सासूच्या बकरीसाठी?"

"आकडा तुझ्या भाचीने दिलाय. मी आपला अडाणी माणूस. शिकलेल्यांना विचार!"

कातडी सोलणारी माणसं हसली. मी टेप लावला. १०७.३.

स्टीलचा टेप उन्हात फुगतो. दहा अंश वाढले तर एवढ्या लांबीला मिलिमीटरचा आठवा भाग. मी टेप बदलला, सकाळी सहाला मोजलं, दोन्ही बाजूंना फळ्या उभ्या करून मोजलं. १०७.३. बाकीच्या दहा जोड्या दोन ते चार मिलिमीटर आटल्या होत्या, जशा आटायला हव्यात तशा. शिंग वाढतं ते बुडाशी, जिवंत पेशींमधून. ही कवटी मी स्वतः पाच तास उकळताना पाहिली होती. कोणी मोठं शिंग आणून ठेवलं असेल म्हणून मी जबडा पाहिला. दाढ तीच, अर्धी.

बावीस तारखेला ११२.६. आणि कपाळावर, दोन्ही शिंगांच्या मधल्या खाचेत, चिखल. ओला, पांढरा. नखाने काढून मी जिभेला लावला. खारट होता.

आमच्या काठावर काळी माती आहे. पांढरी खारट माती एकाच ठिकाणी आहे, पश्चिम काठावरच्या चाटणीत. तिथे जनावरं माती चाटायला येतात. मी शेडला फेरी मारली. जाळी धड होती, कुलूप धड होतं. जमिनीवर माझ्याच चपलांचे ठसे होते. मी चिखल कागदात बांधला, तारीख घातली आणि त्या दिवशी जेवायला गेले नाही.

फॅक्सनने ११६चा दुसरा खोका केला. या वेळी कोणी थट्टा केली नाही.

डर्क खूश होता. "एवढा मोठा! ब्वाना नाचेल. मॅडम, सही करून टाका."

"जागा कुठली लिहू?"

"आकडा तुम्हाला हवा तो लिहा. काठ मात्र आमचा लिहा."

"आकडा माझ्या मनाचा नसतो," मी म्हटलं, "आणि काठ तुमच्या मनाचा नसतो."

त्याने खुर्ची मागे सरकवली. "पश्चिम लिहिलंत तर मी काय सांगेन माहिती आहे? म्हाताऱ्याने चुकीच्या मागावर नेलं. त्याचं माग काढण्याचं लायसन्स जाईल. कदाचित तोही जाईल आत. सव्वीस वर्षं काम केलंय त्याने. तुमच्या एका शब्दासाठी?"

मामा दारात उभा होता. तो आत आला, शर्टावर पिनेने लावलेलं लायसन्स काढलं आणि डर्कच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"हे घे. पोरीला यावरून भिववू नकोस. आणि माझा माग कधी चुकलाय ते फॅक्सनला विचार, आचाऱ्याला विचार, त्या रेड्याला विचार."

बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "जे घडलं ते लिही, तिसा."

"तुझ्या शब्दावर नाही लिहिता येत, मामा."

"मग चल. हाडं दाखवतो."

एक ऑक्टोबरला, तीस दिवस भरल्यावर, सकाळी सहाला मी मोजलं. ११९.८. चिखल या वेळी दोन्ही टोकांवर होता. टोकांत झाडाच्या सालीचा चुरा अडकला होता.

कुलूप लावून आम्ही निघालो. नदी घोट्याच्या वर कुठेच नव्हती. दरडीच्या बिळांतून लाल बी-ईटर पाखरं शेकड्यांनी बाहेर पडत होती. मामा काठी टेकत पुढे, मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून मागे.

चाटणीच्या अलीकडे दोनशे पावलांवर हाडं होती. तरसांनी फासळ्या पांगवल्या होत्या, पण पाठीचा कणा मोठ्या तुकड्यांत शिल्लक होता. मानेच्या पहिल्या मणक्यावर सुऱ्याच्या खुणा. डोकं नाही. खांद्यामागच्या मणक्यात गोळी रुतलेली होती. मी फोटो काढले, गोळी पिशवीत घातली, यंत्रावरून अक्षांश-रेखांश उतरवले. मग गुडघ्यावर फॉर्म ठेवून रकाना भरला. पश्चिम काठ. सही केली.

"झालं?" मामाने विचारलं.

"झालं. आता डर्कला काय करायचं ते करू दे."

मामा हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग चाटणीच्या वाटेने थोडा पुढे गेला आणि थांबला.

"तिसा. टेप आण."

पाखरांचा आवाज तिथे येत नव्हता.

वाटेवर एकाच जनावराचे खूर होते. मोठे, खोल, पाण्याने भरत आलेले. माग हाडांच्या बाजूने येत होता. तो हाडांपासूनच सुरू होत होता, पलीकडे नव्हता. मी दोनदा पाहिलं.

पुढे वाट दोन मोपाने झाडांमधून जात होती. दोन्ही खोडांवर, माझ्या छातीच्या उंचीला, आतल्या बाजूने साल सोललेली होती. चीक अजून वाहत होता. त्यावर पांढरा चिखल.

"कधीचं?" मी विचारलं.

मामाने बोट लावलं. वासही घेतला नाही.

"आज सकाळचं. सहाच्या पुढचं."

"टोक धर," मी म्हटलं.

त्याने डाव्या ओरखड्यावर टोक धरलं. मी टेप उजव्या ओरखड्यापर्यंत ओढला, ताणला आणि वाचला. मग टेप सोडला, परत ताणला, परत वाचला.

११९.८ सेंटिमीटर.